आमच्या शाळा आणि राज्याचा कायदा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिली हा शब्द आपल्या पवित्र शास्त्रातून आलेला आहे. प्राचीन इस्राएलात पन्नासावे वर्ष उजाडले म्हणजे शिंग फुंकून ते जाहीर करीत. ज्याची जमीन दुसऱ्याच्या हाती गेली असेल त्याला ती परत मिळे, आणि जो कर्जापायी दास झाला असेल तो मोकळा होऊन आपल्या कुटुंबात जाई. ते वर्ष जसे आनंदाचे, तसेच देण्याघेण्याचा हिशेब पुरा करण्याचेही असे. आपल्या सुवर्णमहोत्सवात उपासना झाली, दिवंगतांचे स्मरण झाले. आता थोडा वेळ हिशेबाकडेही वळावे, ह्या हेतूने आम्ही आजचा विषय निवडला आहे. तो विषय म्हणजे आपल्या शाळा आणि त्यांवर चालणारा राज्याचा कायदा.

विषय रुक्ष आहे हे आम्ही जाणतो. परंतु वर्धा-वैनगंगेच्या खोऱ्यात आणि पलीकडे प्राणहिता-इंद्रावतीच्या काठापर्यंत, चर्च म्हटले की लोकांस प्रथम शाळा आठवते. आपण संख्येने मूठभर. आपल्या शाळांच्या बाकांवर बसणारी बहुतेक मुले आपल्या धर्माची नाहीत. तेव्हा ज्या कायद्याने त्या शाळा चालतात तो केवळ व्यवस्थापक फादरांनी वा मुख्याध्यापिका सिस्टरांनी जाणावा आणि बाकीच्यांनी निश्चिंत असावे, हे योग्य नव्हे. शिवाय ह्या बाबतीत आपल्या समाजात दोन समजुती रूढ झालेल्या आढळतात. एक अशी की, आपण अल्पसंख्याक असल्यामुळे आपल्या शाळांस कायदा लागूच होत नाही. दुसरी अशी की, सरकार आज ना उद्या आपल्या शाळा ताब्यात घेणार. ह्या दोन्ही समजुती अर्धवट ज्ञानातून उपजलेल्या आहेत, आणि दोहोंचाही परिणाम एकच होतो: आपण आपल्या कर्तव्याचा विचार करण्याचे सोडून देतो.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. खाजगी शाळेने सरकारी मदत घ्यावी आणि त्याबदली सरकारी तपासणी मान्य करावी, हा करार आजचा नाही. १८५४ सालच्या जुलै महिन्यात सर चार्ल्स वुड ह्यांचा शिक्षणविषयक खलिता हिंदुस्थानात रवाना झाला. त्याने ही अनुदानाची पद्धत घालून दिली. शाळेत लौकिक शिक्षण चांगले मिळावे, स्थानिक व्यवस्था जबाबदार माणसांच्या हाती असावी, सरकारी तपासनिसास दार उघडे असावे आणि विद्यार्थ्यांकडून थोडी तरी फी घ्यावी, इतक्या अटी पाळल्यास अनुदान द्यावे, आणि तेथे कोणता धर्म शिकवितात ह्याची चौकशी तपासनिसाने करू नये, असे ते धोरण होते. त्याच सुमारास नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन चांदा प्रांत इंग्रजी अंमलाखाली आला होता.

पुढे आपल्या भागाने राज्ये इतकी बदलली की, एखाद्या जुन्या शाळेच्या दप्तरावरून त्यांचा इतिहास लिहावा. १९४७ साली चांद्याची शाळा मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारच्या अंमलात होती; १९५० साली त्या प्रांताचे मध्य प्रदेश झाले; १९५६ च्या नोव्हेंबरात हा भाग मुंबई राज्यात आला; आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राजुऱ्याकडील मुलूख तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. १९८२ साली गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्ये बदलली, कायद्यांची नावे बदलली, परंतु १८५४ चा तो मूळ करार, मदत आणि तपासणी ह्यांची जोडी, कायम राहिला.

आपल्या धर्मप्रांताचा उगमही शाळेशीच जोडलेला आहे. १९६२ साली चांद्याचे एक्झार्केट स्थापन होऊन सी. एम. आय. संघाच्या फादरांकडे ते सोपविण्यात आले, आणि १९७७ साली त्यास पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्या संघाचे एक संस्थापक संत कुरियाकोस एलियास चावरा ह्यांनी १८४६ साली केरळात मान्नानम येथे संस्कृत पाठशाळा काढली. आणि १८६४ साली, विकार जनरल असताना, प्रत्येक चर्चशेजारी शाळा उभारलीच पाहिजे असा हुकूम काढला. ज्या काळी खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांस पाटीला हात लावण्याची बंदी होती त्या काळी त्यांनी ती मुले आत घेतली, आणि उपाशीपोटी विद्या येत नाही म्हणून दुपारचे जेवणही दिले. म्हणजे आपल्या शाळांमागे पहिला कायदा आला तो राज्याचा नव्हता, चर्चचाच होता. आणि तो दार उघडण्याचा होता.

आता राज्यघटनेकडे येऊ. घटना तयार होत असताना ख्रिस्ती प्रतिनिधींनी एक निर्णय घेतला, त्याची आठवण आपल्या तरुणांस करून द्यावीशी वाटते. १९४९ साली धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचा प्रश्न आला, तेव्हा ख्रिस्ती सभासदांनी त्यांचा आग्रह धरला नाही. घटनासमितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते. जेरोम डिसोझा हे येशूसंघीय धर्मगुरूही त्या समितीत होते. कायदेमंडळातील खुर्च्या सोडल्या. आपल्या समाजाच्या हाती राहिला तो शाळांचा हक्क. तोच अनुच्छेद ३०. धर्मावर अथवा भाषेवर आधारलेल्या सर्व अल्पसंख्याकांस आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क आहे, आणि संस्था अल्पसंख्याकांच्या व्यवस्थापनाखाली आहे एवढ्याच कारणावरून अनुदान देताना राज्याने भेदभाव करू नये, असा त्याचा आशय. ह्यातील ‘भाषेवर’ हा शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ह्याच घटनेने आपल्यावर बंधनेही घातली. अनुच्छेद २९ प्रमाणे अनुदानित शाळेने केवळ धर्म, वंश, जात वा भाषा ह्या कारणासाठी कोणासही प्रवेश नाकारता कामा नये. अनुच्छेद २८ प्रमाणे मान्यताप्राप्त अथवा अनुदानित शाळेत कोणाही मुलास, त्याच्या पालकांच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही. आपल्या शाळांतील धर्मशिक्षणाचा तास ह्या संमतीवर उभा आहे. ती संमती लेखी घेऊन दप्तरी ठेवणे हा आपल्या श्रद्धेस कमीपणा नाही. जी श्रद्धा जुलमाने दिली जाते ती श्रद्धाच नव्हे, असे चर्चचेही मत आहे.

ह्या अनुच्छेदांचा अर्थ न्यायालयांनी कसा लावला? आपल्याच राज्याची एक जुनी गोष्ट सांगतो. १९५४ च्या जानेवारीत मुंबई सरकारने हुकूम काढला की, इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाचे नागरिक ह्यांच्याखेरीज कोणाचीही मुले घेऊ नयेत. नाशिकजवळच्या देवळालीचे बार्न्स हायस्कूल चालविणाऱ्या संस्थेने आणि काही पालकांनी दाद मागितली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम अवैध ठरविला. स्वतंत्र भारतातील अल्पसंख्याक शाळांच्या ह्या आरंभीच्या मोठ्या खटल्यात शाळा भांडत होती ती आपले दार इतरांस उघडे ठेवण्यासाठी.

पुढे १९५७ साली केरळच्या सरकारने शिक्षण विधेयक आणले. तेथे खाजगी शाळांपैकी पुष्कळ कॅथोलिकांच्या असल्याने मोठे आंदोलन झाले, आणि राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागविले. सरन्यायाधीश सुधीरंजन दास ह्यांनी १९५८ साली दिलेल्या मताचे सार असे की, शाळा चालविण्याच्या हक्कात ती वाईट चालविण्याचा हक्क येत नाही, म्हणून वाजवी नियम राज्याला घालता येतील. मात्र अनुदान हवे तर हक्क सोडा, असे राज्याला म्हणता येणार नाही. १९६३ साली गुजरातेतील एका प्रॉटेस्टंट अध्यापक विद्यालयाच्या खटल्यात, शंभरांतील ८० जागा सरकारने नेमलेल्या शिक्षकांस द्याव्या हा हुकूम न्यायालयाने रद्द केला. धानाच्या बांधीला बांध नसेल तर पाणी ठरत नाही आणि पीक उभे राहत नाही. पण तोच बांध नको तेथे घातला तर रोप कुजून जाते. कायद्याचा बांध कोणत्या जातीचा आहे, हेच न्यायालये आजवर पाहत आली आहेत.

आता प्रत्यक्ष कायदे. खाजगी शाळेस चार ठिकाणी राज्याची गाठ पडते: जन्माच्या वेळी, शिक्षकांच्या बाबतीत, पैशाच्या बाबतीत आणि मुलांच्या बाबतीत.

जन्माच्या वेळी म्हणजे नोंदणी व मान्यता. शाळा चालविणारी संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली अथवा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असावी लागते. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, दरसाल हिशेब तपासून घ्यावे लागतात. अनुदान न मागता स्वतःच्या बळावर शाळा काढावयाची असेल तर २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा लागतो. आदिवासी मुलांच्या आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे येतात; आपल्या दोन जिल्ह्यांत त्याची चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी आणि भामरागड अशी पाच प्रकल्प कार्यालये आहेत. खाजगी शाळा म्हणजे केवळ शहरातील टायवाली इंग्रजी शाळा असे मानणाऱ्यांनी हेमलकसा आठवावे. १९७३ साली बाबा आमटे ह्यांनी सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात १९७६ साली शाळा निघाली. कायद्याच्या भाषेत तीही खाजगी व्यवस्थापनाचीच.

दुसरी गाठ शिक्षकांची, आणि आम्हांस ती सर्वांत महत्त्वाची वाटते. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्ती विनियमन अधिनियम १९७७ साली झाला आणि त्याचे नियम १९८१ साली आले. तत्पूर्वी खाजगी शाळेतील शिक्षकाची नोकरी व्यवस्थापनाच्या मर्जीवर बव्हंशी टांगलेली असे. काही ठिकाणी नेमणुकीच्याच दिवशी तारीख न घातलेला राजीनामा लिहून घेत आणि तो कपाटात ठेवीत. म्हणून ह्या कायद्यात एक साधेच पण मोठ्या शहाणपणाचे कलम आहे: राजीनामा द्यावयाचा तर शिक्षकाने त्याच्या दोन प्रती कराव्या, दोहोंवर सही करून तारीख घालावी, एक प्रत रजिस्टर टपालाने व्यवस्थापनाकडे पाठवावी आणि दुसरी आपल्याजवळ ठेवावी. टपालाच्या एका शिक्क्याने कित्येक संसार वाचले असतील! कायम जागेवर नेमलेल्यास दोन वर्षांची परिवीक्षा, शिक्षण सेवकास तीन वर्षे. गंभीर आरोप असेल तर तीन जणांची चौकशी समिती नेमावयाची: एक व्यवस्थापनाचा, एक स्वतः शिक्षकाने निवडलेला, आणि एक राज्य वा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला. बडतर्फ केलेल्या, काढलेल्या, पदावनत केलेल्या अथवा बढतीत डावललेल्या शिक्षकास ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

ह्या कायद्यात आपल्यासाठी सूट आहे ती एवढीच: अल्पसंख्याक शाळेचा प्रमुख, आणि व्यवस्थापनाने शिक्षण संचालकांस वा उपसंचालकांस नावे कळविलेले आणखी जास्तीत जास्त तीन जण, ह्यांच्या नेमणुकीस हा कायदा लागू होत नाही. त्यामुळेच एखादे फादर अथवा सिस्टर सेवाज्येष्ठतेचा प्रश्न न येता मुख्याध्यापक होऊ शकतात. बाकीच्या शिक्षकांस व शिपायांस कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. दिल्लीच्या एका अल्पसंख्याक शाळेच्या शिक्षकांनी केलेल्या खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, शिक्षकांस योग्य वेतन दिल्याने अल्पसंख्याकांच्या हक्कास बाध येत नाही. ह्या निर्णयाचे स्वागत आपण खरे म्हणजे सर्वांआधी करावयास हवे होते. मजुराची मजुरी अडवून ठेवणे हे पाप आहे, हे आपण प्रश्नोत्तरीत लहानपणीच शिकतो.

तिसरी गाठ पैशाची. ती थोडक्यात सांगतो. १९८७ च्या कायद्याने प्रवेशासाठी देणगी उकळण्यास बंदी केली. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने विनाअनुदानित शाळेची फी ठरविण्यात पालकांस वाटा दिला: पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडावयाची, व्यवस्थापनाने फीचा प्रस्ताव हिशेबासह तिच्यापुढे ठेवावयाचा, आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे बदलावयाची नाही. अनुदानित शाळांची फी शासन ठरविते.

चौथी गाठ मुलांची. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत, मंडळ कोणतेही असो, मराठी हा विषय अनिवार्य झाला. अल्पसंख्याक शाळांनाही मराठी शिकविणे बंधनकारक करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच म्हटले होते. आपण मराठीतून प्रार्थना करणारी माणसे. आपणांस हे जड वाटू नये. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा तर कोणासही सूट देत नाही. असा प्रकार कळला असता पोलिसांस वा विशेष बालपोलीस पथकास कळविणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा अपराध दडविला तर त्यास कैदेची शिक्षा आहे. शाळेचे नाव, संस्थेची अब्रू, धर्मगुरूंची प्रतिष्ठा, ह्यांपैकी कोणतीही गोष्ट मुलाहून मोठी नाही. हे आम्ही चर्चच्या अंगणात उभे राहून मुद्दाम म्हणतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. २००२ साली घटनेत ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा मूलभूत हक्क समाविष्ट झाला, आणि त्यानुसार २००९ साली झालेला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. खाजगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या वर्गातील निदान २५ टक्के जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांस द्याव्या, त्यांस मोफत शिकवावे आणि त्यांचा ठराविक खर्च सरकारने भरून द्यावा, हे त्यातील गाजलेले कलम. परंतु त्याच कायद्यात आणखीही काही आहे: प्रवेशासाठी मुलाची अथवा आईबापांची परीक्षा घेऊ नये, मुलास मारू नये, त्याचा मानसिक छळ करू नये, पहिली ते पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक असावा, मान्यतेवाचून शाळा चालवू नये.

२०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या कायद्यातून विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांस वगळले. २०१४ च्या मे महिन्यात प्रमती खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सर्वच अल्पसंख्याक शाळांस, अनुदानित असोत वा नसोत, त्याच्या कक्षेबाहेर ठेवले. आपल्या समाजास त्या वेळी मोठा दिलासा वाटला. मात्र १ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातीलच एका अल्पसंख्याक विश्वस्त संस्थेच्या प्रकरणात, दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ह्या सरसकट सुटीबद्दल शंका व्यक्त केली आणि तो प्रश्न मोठ्या पीठाने पाहावा म्हणून सरन्यायाधीशांकडे सोपविला. निर्णय काय होईल ह्याचे भाकीत करणे आमचे काम नव्हे. आमचे म्हणणे निराळे आहे.

ह्या सुटीचा अर्थ नीट पाहा. केवळ २५ टक्क्यांच्या कलमातून आपण सुटलो नाही, सबंध कायद्यातून सुटलो. म्हणजे त्या कायद्यातील छडीबंदीचे कलमही आपल्या शाळांस त्या कायद्याच्या जोरावर लागू नाही. मग आपण मुलांस मारावे काय? आईबापांची मुलाखत घेऊन अडाणी बापाचे मूल परत पाठवावे काय? असे कोणी म्हणणार नाही. परंतु २५ टक्क्यांची गोष्ट निघाली की मात्र आपण चटकन अनुच्छेद ३० पुढे करतो. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने नियम बदलून, सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेस ह्या जागांतून सूट दिली होती. आपल्याकडे गावोगाव जिल्हा परिषदेची शाळा. तेव्हा त्या नियमाने येथील बहुतेक खाजगी शाळा मोकळ्या झाल्या असत्या. जुलैत उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. इतर शाळांस जे करावेच लागते, ते आपल्या शाळांनी कायद्याच्या सुटीमुळे करू नये, ही गोष्ट चावरांच्या वारशाशी कशी जुळवावयाची? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणावर जे घोषणापत्र काढले त्यातही दरिद्री, निराधार आणि आपल्या श्रद्धेबाहेरच्या मुलांची विशेष काळजी घेण्यास सांगितले आहे. चर्चच्या ह्या वचनातून कोणत्याही न्यायालयाने आपल्याला सूट दिलेली नाही.

येथे आम्ही तुम्हांस थोडे उत्तरेकडे, धानोरा तालुक्यातील मोहगावला नेऊ इच्छितो. तेथील ग्रामसभेने २०१९ साली गोंडी भाषेतून शिकविणारी शाळा काढली आणि तिला आपल्या परंपरेतील गोटूलाचे नाव दिले. पुढे मान्यता नाही म्हणून शिक्षण विभागाने तिला नोटीस दिली. मान्यतेवाचून शाळा चालविणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि तरीही चालू ठेवल्यास दररोज दहा हजारांपर्यंत दंड, अशी तरतूद २००९ च्या कायद्यात आहे. ग्रामसभेने घटनेचा आधार घेतला, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले.

आपण ‘भाषेवर’ हा शब्द ध्यानात ठेवावयास सांगितला होता तो ह्यासाठी. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार लोक होते, तरीही ती भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. ज्या अनुच्छेदाच्या छायेत आपल्या शाळा उभ्या आहेत तो केवळ धर्माच्या अल्पसंख्याकांसाठी लिहिलेला नाही. १९५६ साली घटनेत आलेला अनुच्छेद ३५०अ तर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे सांगतो. संस्था नोंदणे, वकील देणे, अर्ज करणे, दप्तर राखणे ह्या विद्या आपल्याकडे आहेत. जंगलातील ग्रामसभेकडे त्या सहसा नसतात. जो हक्क आपण पन्नास वर्षे उपभोगला, तोच शेजारी मागत असेल तर आपण गप्प राहावे, हे शोभत नाही. मान्यतेचे नियम नकोत असे आम्ही म्हणत नाही; छप्पर पक्के असावे, शिक्षक शिकलेला असावा, मुलीस स्वच्छतागृह असावे, ह्यांत सर्वांचे हित आहे. परंतु हे नियम पुरे करण्यास शेजाऱ्यास मदत करणे आपल्या हाती आहे.

तेव्हा ह्या ज्युबिली वर्षात आपल्या धर्मग्रामाने चार ठराव करावेत अशी आमची विनंती आहे.

पहिला. आपल्या विनाअनुदानित शाळेत, कायदा सांगो वा न सांगो, पहिलीच्या वर्गातील काही जागा परिसरातील गरीब मुलांस, विशेषतः आदिवासी मुलांस, मोफत द्याव्या. खर्चाची अडचण खरी आहे. आपण कायद्याबाहेर असल्याने सरकार तो भरून देणार नाही. म्हणून चाळीस मुलांच्या वर्गात आज पाच जागांनी आरंभ करावा आणि तीन वर्षांत दहांवर यावे. पाच मुलांचा खर्च वर्गातील इतर पालकांच्या फीवर लादू नये. तो धर्मग्रामाने उचलावा. महोत्सवाच्या निधीतून काही शिल्लक उरली तर तिचा पहिला हक्क ह्या मुलांचा समजावा.

दुसरा. प्रत्येक शिक्षकास व शिपायास नेमणुकीचे पत्र हाती द्यावे, पूर्ण पगार बँकेत जमा करावा, आणि सेवापुस्तिका दरसाल त्यांस दाखवावी.

तिसरा. शाळेचा जमाखर्च वर्षातून एकदा पालकांच्या सभेत वाचून दाखवावा. तपासनिसापुढे जे उघडे करता ते शेजाऱ्यापुढे उघडे करण्यास संकोच कशाला?

चौथा. जेथे गोंडी वा माडिया बोलणारी मुले येतात तेथे पहिल्या दोन इयत्तांत त्यांची भाषा जाणणारी एक बाई तरी नेमावी. मूल घरची भाषा दाराबाहेर ठेवून आत आले, तर त्याच्या मनातील निम्मे शब्द बाहेरच राहतात.

बंधुभगिनींनो, मोठ्या पीठाचा निर्णय जेव्हा येईल तेव्हा येवो. सूट कायम राहिली तर आपण जे केले ते स्वेच्छेने केले, असे आपल्या मुलांस सांगता येईल. सूट गेली, तर नव्या नियमाने आपल्या शाळेत काहीच नवे घडणार नाही. ती गरीब मुले आधीच बाकांवर बसलेली असतील. दोन्ही बाजूंनी आपले बरेच होईल. इस्राएलाच्या ज्युबिलीत शिंग वाजले की ज्याचे त्याला परत मिळे. आपल्या सुवर्णमहोत्सवाच्या घंटेचा आवाज जंगलातील पाड्यांपर्यंत पोहोचावा, आणि तेथील एखाद्या आईने आपल्या लेकराचा हात धरून आपल्या शाळेच्या फाटकाशी यावे, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.